काळी गाडी, '८०/२०'चं फडकं आणि बॉनेटवरचं जाळं : मायक्रोफायबर नक्की कशाचं असतं?

सावळागोंधळ

मंडळी, दिवाळीत गाडी घेतली. काळी. घरात सगळे पांढरी घे म्हणत होते, मी ऐकलं नाही. शोरूममधून बाहेर काढली तेव्हा बॉनेटमध्ये बघून भांग पाडावा अशी चकाकत होती. पहिल्या दिवशीच ठरवलं की सोसायटीत गाड्या पुसणाऱ्या काकांच्या बादलीचं पाणी हिला लागू द्यायचं नाही. ऑनलाइन दहा मायक्रोफायबर टॉवेलांचा गठ्ठा मागवला. पिवळे, ४० बाय ४० सेंमी. पाकिटावर '८०/२०', '६०० जीएसएम' आणि 'स्क्रॅच-फ्री' असं तिन्ही ठळक छापलेलं.

तीन महिने दर रविवारी स्वतःच्या हाताने पुसली. परवा रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली उभी होती आणि बॉनेटवर कोळ्याचं जाळं दिसलं. गोल गोल, केसासारखे बारीक, मोजता येणार नाहीत इतके ओरखडे. म्हणजे काकांनी महिन्याला पाचशे रुपये घेऊन जे केलं असतं, ते मी घाम गाळून फुकट केलं.

आता प्रश्न. हे मायक्रोफायबर असतं कशाचं? ८० काय आणि २० काय? आणि शेवटी ते प्लास्टिकच असेल तर प्लास्टिकने रंग पुसायची कल्पना मुळात निघाली कुणाच्या डोक्यातून? जाणकारांनी प्रकाश टाकावा. (पंपावरच्यासारखा नको.)

जुनाबनियन

आमच्या वडिलांनी प्रीमियर पद्मिनी २२ वर्षं माझ्या नावाने पुसली. म्हणजे जुन्या बनियनने. एक ओरखडा नव्हता. नसती फॅडं आहेत ही.

शनिवारचीगाडी

@जुनाबनियन, पद्मिनी पांढरी होती का हो? ओरखडे होतेच, दिसत नव्हते इतकंच. शिवाय तेव्हाचा रंग एकसंध असायचा. आता रंगावर क्लिअरकोटचा पारदर्शक थर असतो, जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा. ओरखडा त्यात पडतो आणि खालच्या काळ्या रंगावर आरशातल्यासारखा उठून दिसतो.

@सावळागोंधळ, ८० टक्के पॉलिएस्टर, २० टक्के पॉलिअमाइड. पॉलिअमाइड म्हणजे आपलं नायलॉन. मी ७०/३० वापरतो. नायलॉन जास्त तितका टॉवेल मऊ आणि पाणी पिणारा, असं आमच्या डिटेलिंगच्या (म्हणजे गाडी बारकाईने साफ करून चमकवण्याच्या) ग्रुपवर सगळे सांगतात. किंमतही त्याच हिशोबाने चढते. चूभूदेघे.

खारावारा

वाचतोय. आमच्याकडे गोव्यात जांभ्याची लाल धूळ बसते, तिच्यापुढे ८०/२० काय नि १००/१०० काय. कोरडं फडकं गाडीला लावायचंच नाही, आधी पाण्याचा पाइप मारायचा, एवढं एकच शहाणपण मला आलंय.

ताणाबाणा

धाग्यावर धाग्याचाच प्रश्न आला म्हणून बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं. इचलकरंजीत वाढलो, घरात यंत्रमाग, पुढे शिक्षणही टेक्स्टाइलचंच. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी 'मायक्रो'चं. आमच्याकडे तंतूची जाडी डेनिअरमध्ये मोजतात. ९००० मीटर तंतूचं वजन जितके ग्रॅम, तितके डेनिअर. एका तंतूचं डेनिअर १च्या खाली गेलं की तो मायक्रोफायबर. १ डेनिअर म्हणजे किती बारीक? नऊ किलोमीटर लांब तंतू गुंडाळून काट्यावर ठेवलात तर भरतो पाव चमचा साखरेएवढा. जाडी साधारण १० मायक्रॉन. डोक्याचा केस ७०च्या आसपास असतो.

पण नुसतं बारीक असून भागत नाही. स्वस्तातला ब्लँकेटचा कपडा, मुलांचे ते गुबगुबीत पायजमे, हेही कित्येकदा मायक्रोफायबरच असतात. शंभर टक्के पॉलिएस्टर, तंतू गोल आणि गुळगुळीत. अंगाला मऊ लागतात, पण पाणी पुसायला घेतलंत तर ते पुढे ढकलतात. पुसायच्या फडक्यात जो लागतो तो 'फुटलेला' तंतू, इंग्रजीतला स्प्लिट. सगळी गंमत तिथे आहे.

संत्रं आडवं कापा. मध्ये चांदणीसारखे पापुद्रे आणि त्यांच्यामध्ये फोडी. पापुद्रे नायलॉनचे समजा आणि फोडी पॉलिएस्टरच्या. कारखान्यात दोन्ही पॉलिमर वेगवेगळे वितळवतात आणि एकाच बारीक छिद्रातून एकत्र बाहेर काढतात, तेव्हा तंतूचा छेद असा संत्र्यासारखा येतो. नेहमीच्या मालात आठ फोडी आणि मधली नायलॉनची चांदणी. दुसऱ्या प्रकारात सोळा फोडी, एकाआड एक पॉलिएस्टरची आणि नायलॉनची. या दोघांचं एकमेकांशी जमत नाही, धरून ठेवणारं मध्ये काही नसतं. तरी विणताना तंतू अखंडच असतो, कारण इतका बारीक तंतू सुटा सुटा घेऊन मशीनवर चालवायचा म्हणजे दिवसभर तुटलेली टोकं जोडत बसावं लागेल.

कापड विणून झालं की ते गरम कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात टाकतात. कॉस्टिक पॉलिएस्टरचा पृष्ठभाग खातो, नायलॉनला फारसं काही करत नाही. फोडी पापुद्र्यांपासून सुटतात. एका तंतूचे नऊ किंवा सोळा तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला धार असते, पाचर असते. गोल काही उरत नाही. त्या पाचरींच्या मधल्या फटींत पाणी चढतं, वातीत तेल चढतं तसं. धूळही तिथेच अडकते.

आता मेख ऐका. या कॉस्टिकच्या आंघोळीला वेळ लागतो, वाफ लागते आणि कापडाचं वजनही घटतं. जो कारखानदार घाई करतो त्याचा तंतू अर्धवट फुटतो किंवा फुटतच नाही. पण लेबलवर तो ८०/२० लिहू शकतो आणि ते खोटं नसतं! संत्रं सोललं काय, न सोललं काय, फोडी आणि पापुद्रे तेवढेच. तेव्हा @शनिवारचीगाडी, टक्के विचारू नका. फुटलाय का ते विचारा.

उंबरठा

वा! संत्र्याचं उदाहरण फार आवडलं. लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणते मग नागपूरला टॉवेल का नाही बनत.

सावळागोंधळ

@ताणाबाणा, दंडवत. पण फुटलाय का ते घरी कसं ओळखायचं? माझ्याकडे सूक्ष्मदर्शक नाही, स्वयंपाकघरातला काटा आहे.

ताणाबाणा

सूक्ष्मदर्शक तळहातावर आहे. थंडीत हात खरखरीत झालेत ना? क्रीम न लावता टॉवेलवरून हळू फिरवा. फुटलेला तंतू कातडीच्या प्रत्येक भेगेला पकडतो, अंगावर काटा येतो. कित्येकांना ते सहनच होत नाही. न फुटलेला रेशमासारखा सरकतो. आणि लोक दुकानात नेमका तोच 'काय मऊ आहे' म्हणून उचलतात.

दुसरं, स्टीलचं ताट पालथं घाला, वर दोन चमचे पाणी सांडा आणि टॉवेल न दाबता एकदाच ओढा. ताट कोरडं झालं तर उत्तम. पाण्याचा ओघळ टॉवेलच्या पुढे पळाला तर तुम्हाला कळलंच.

आणि काटा असेल तर जीएसएम काढा, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम ते. ०.४ गुणिले ०.४ म्हणजे ०.१६ चौरस मीटर. टॉवेलच्या वजनाला ०.१६ ने भागा.

जुनाबनियन

आता टॉवेल विकत घ्यायला इंजिनिअरिंगला ॲडमिशन घ्यावी लागणार. बरं, मूळ प्रश्नाला बगल दिलीत. शेवटी प्लास्टिकच ना?

ताणाबाणा

@जुनाबनियन, हो, प्लास्टिकच. पॉलिएस्टर म्हणजे पेट (PET), तुमच्या पाण्याच्या बाटलीचं तेच पॉलिमर. नाकारायचं काय त्यात? पण क्लिअरकोटवर ओरखडा पेट काढत नाही. काढते ती धूळ. धुळीत वाळूचा, म्हणजे सिलिकाचा कण असतो, तो काचेपेक्षाही कठीण. तुम्ही फडक्याने तो कण बॉनेटभर फिरवता. चांगल्या टॉवेलचं काम तो कण उचलून लवेच्या आत ओढून घेणं, म्हणजे तो रंगाला घासत नाही. तुमच्या बनियनला लवच नाही, कण वरच्या वर राहतो. बनियन बिचारा निर्दोष आहे, फक्त त्याला लपवायला जागा नाही.

आणि कल्पना कुणाची, तर जपानची. तोरे कंपनीत मियोशी ओकामोतो यांनी १९७०च्या सुमारास अतिसूक्ष्म तंतू काढला. त्यांची रीत वेगळी होती, समुद्रातल्या बेटांसारखी. एका पॉलिमरच्या समुद्रात दुसऱ्याची असंख्य बेटं ठेवून तंतू काढायचा, मग समुद्र विरघळवून टाकायचा आणि बेटं ठेवायची. त्यातून अल्ट्रास्वेड हे नकली कातडं आलं. त्याच तंत्रावर १९७२मध्ये इटलीत अल्कँटारा सुरू झाली, जिचं कापड महागड्या गाड्यांच्या सीटवर आणि स्टिअरिंगवर असतं. तेव्हा एखाद्या आलिशान गाडीचं स्टिअरिंग आणि तुमचं फडकं ही लांबची का होईना, भावकी आहे.

सोलापूरी

सोलापूरचा टेरी टॉवेल विसरू नका. भौगोलिक मानांकन आहे त्याला. लव आहे, पाणी पितो. सुतीला उगाच बदनाम करताय.

ताणाबाणा

@सोलापूरी, आंघोळीनंतर मी तोच वापरतो आणि मरेपर्यंत वापरीन. पण गाडीवर तो तंतू सोडतो, कोरडा झाल्यावर कडक पडतो, आणि सुताचा एक तंतू या फोडींच्या कित्येक पट जाड असतो. जात्याचं काम जात्याने करावं, पाट्याचं पाट्याने.

सावळागोंधळ

वजन केलं. हसू नका. टॉवेल भरला ४५ ग्रॅम. म्हणजे २८१ जीएसएम. सहाशेचा असता तर ९६ ग्रॅम भरला असता. निम्माही नाही!

शेजाऱ्याकडे एक चांगला म्हणवला जाणारा टॉवेल आहे, तोही मागून आणला (त्याची बायको विचित्र नजरेने बघत होती). त्याच मापाचा, ६२ ग्रॅम. दोन्ही पाण्यात बुडवून, निथळणं थांबेपर्यंत दोरीला लटकवून पुन्हा तोलले. माझा ४५चा १४० झाला. त्याचा ६२चा २९०.

हाताची परीक्षाही केली. माझा सरकतो, शेजाऱ्याचा मांजराच्या जिभेसारखा लागतो. ताटावर माझ्या टॉवेलने पाणी ओट्यावर नेऊन सांडलं.

शनिवारचीगाडी

बघा, शेजाऱ्याचा नक्की ७०/३० असणार. नायलॉनने पाणी प्यायलं.

ताणाबाणा

नाही हो. याच आकड्यांवर हिशोब करू. शेजाऱ्याच्या टॉवेलने २२८ ग्रॅम पाणी धरलं. नायलॉन ३० टक्के धरलं तरी ६२ ग्रॅममध्ये साडेअठरा ग्रॅम नायलॉन. पाण्यात बुडवून ठेवलेलं नायलॉन स्वतःच्या वजनाच्या ९-१० टक्केच पाणी आत घेतं. म्हणजे झालं पावणेदोन ग्रॅम. उरलेलं सव्वादोनशे ग्रॅम पाणी कुठे आहे? फटींत. नायलॉन पाणी पितो ही विकणाऱ्यांची भाषा. नायलॉन तिथे मुख्यतः यासाठी आहे की त्याच्यामुळे पॉलिएस्टर फुटतं. थोडा मऊपणा, थोडा ओलेपणाशी स्नेह, हे आहे. पण महाग नायलॉन वाढवून न फुटलेला टॉवेल सुधारत नाही.

परीक्षानळी

ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. जाळून बघण्याचे व्हिडिओ फिरतात म्हणून लिहिते. चिमट्यात धरून एक धागा पेटवला तर सुती असल्यास कागदासारखा जळेल आणि राख बोटांनी चुरगळेल. पॉलिएस्टर आणि नायलॉन दोन्ही वितळतात आणि कडक मणी होतो. त्यामुळे ८०/२० आणि १००/० यांत ज्योतीने फरक कळत नाही, तो व्हिडिओवाला काही सांगो. आणि तो वितळलेला थेंब कातडीला चिकटतो, लहान मुलं जवळ नकोत.

खरी परीक्षा फॉर्मिक आम्लाची. तीव्र फॉर्मिक आम्लात नायलॉन विरघळतो, पॉलिएस्टर तसाच राहतो. कापडाच्या प्रयोगशाळांत मिश्रणाचं प्रमाण काढताना हेच करतात. हे घरी अजिबात करू नका, वाफ घशाला आणि डोळ्यांना भयंकर लागते. @सावळागोंधळ, तुमचा एक टॉवेल पाठवलात तर प्रयोगशाळेत फ्यूम हुडखाली (वाफ बाहेर ओढून टाकणाऱ्या कपाटात) करून बघेन. मलाही उत्सुकता आहे.

उंबरठा

सगळं शास्त्र झालं, आता मी एक बायकी प्रश्न विचारू? (बायकी शब्दावरून वाद नको, हलके घ्या.) हे टॉवेल धुता कशात आणि कशाबरोबर?

आमच्याकडे ह्यांनीही असेच महागाचे आणले होते. मशीनमध्ये सगळ्या कपड्यांबरोबर, वरून वासासाठी ते निळं कंडिशनर. दोन महिन्यांत ताडपत्री झाली. मग कळलं की कंडिशनर तंतूंवर मेणासारखा थर चढवतं आणि फटी बुजतात. सुती कपड्यांबरोबर धुतलं की त्यांची लव याला चिकटते, आणि हा काही ती सोडत नाही, कारण न सोडणं हाच याचा धर्म. आता वेगळी बादली, साधं द्रव डिटर्जंट, कोमट पाणी, सावलीत वाळवणं. बोअरच्या पाण्याने कडक झाले तर शेवटच्या पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर. इस्त्री तर नाहीच, तंतू इतका बारीक की इस्त्रीखाली टोकं वितळून खरखरीत होतात.

सावळागोंधळ

...

आमच्याकडे ते पायपुसण्यांबरोबर धुतले जातात. आत्ता विचारलं. कंडिशनर घालून.

जुनाबनियन

😂😂 धागा संपला.

शनिवारचीगाडी

संपला कसला! पायपुसण्यातली वाळू टॉवेलात आणि टॉवेलातली बॉनेटवर. पण कडा पण बघा हो. चांगल्या टॉवेलला एक तर शिलाईच नसते किंवा मऊ सॅटिनची गोट असते. स्वस्तात जाड दोऱ्याची ओव्हरलॉक असते आणि कोपऱ्यात ते टोचणारं लेबल. जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूवर आधी मधला भाग घासा, मग कड घासा. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा. सीडी क्लिअरकोटपेक्षा नाजूक असते, तेव्हा ती घाबरवते जरा जास्तच. पण कुठला भाग गुन्हेगार ते कळतं.

सावळागोंधळ

सीडी मिळाली, लग्नाच्या व्हिडिओची (घरच्यांना सांगू नका, दुसरी प्रत आहे). पाकिटातला एक न वापरलेला टॉवेल शिल्लक होता, तो घेतला. मध्यभागाने घासलं तर काही खास नाही. कडेने घासलं तर थेट बॉनेटवरचंच नक्षीकाम. लेबलने तर एक खोल रेघ ओढली, बोटाला लागते इतकी.

म्हणजे तीन महिने मी टॉवेल चौघडी घालून पुसत होतो आणि प्रत्येक हाताला कड बाहेर. बाकी काम पायपुसण्याच्या वाळूने केलं.

परीक्षानळी

टॉवेल पोचला. काल तास संपल्यावर बसले. तुमचा तुकडा आणि तुलनेसाठी माझ्याकडचा एक, दोन वेगळ्या चंचुपात्रांत. माझा तुकडा हलवल्यावर पंधरा-वीस मिनिटांत ढिला पडला, काढून धुतला तर लव विरळ झालेली, म्हणजे नायलॉन गेला. तुमचा घातला तसाच बाहेर आला. धुऊन, वाळवून तोलला, वजनात फरक नाही. तुमच्या ८०/२० मधले २० छापखान्यात घातलेले आहेत. शंभर टक्के पॉलिएस्टर.

ताणाबाणा

मग फुटायला दुसरा पॉलिमरच नव्हता! मी उगाच कॉस्टिकवाल्याला दोष देत होतो. टाकू नका मात्र. लेबल कापा आणि चाकं, इंजिन बे, दाराच्या खाचा याला वापरा. रंगाला लावू नका. पॉलिएस्टर तेलकट गोष्टी चांगल्या ओढतं, ग्रीस पुसायला याच्यासारखं दुसरं नाही.

शनिवारचीगाडी

आणि बॉनेटचं जाळं पॉलिशने निघेल, खोल नसेल तर. पण प्रत्येक पॉलिश क्लिअरकोटचे एक-दोन मायक्रॉन खातं, तेव्हा एकदाच करा आणि जाणत्या माणसाकडून करा. माझा ७०/३०चा हट्ट मी मागे घेतो. काल घरचे सगळे टॉवेल हातावर फिरवून बघितले, दोन ७०/३०वाले सरकतात. पैसे गेले.

खारावारा

त्या सीडीचं पुढे काय झालं?

सावळागोंधळ

@खारावारा, ती सापडली. विषय नको.

सर्वांचे आभार. नवे टॉवेल घेतलेत, चारच, बिनकडेचे, दुकानात हात फिरवून. दुकानदाराला वाटलं गिऱ्हाईक मऊपणा बघतंय, त्याने लगेच सरकणारा काढून पुढे केला.

एक सांगायचं राहिलं. जुन्या गठ्ठ्यातला एक टॉवेल मी नोव्हेंबरातच गाडी पुसणाऱ्या काकांना दिला होता, इतरांच्या गाड्यांसाठी. दुसऱ्या दिवशी त्यांनी घडी घालून परत आणून दिला. म्हणाले, "साहेब, हा पाणीच पीत नाही." मी त्यांना ८०/२० म्हणजे काय ते समजावून सांगितलं होतं.